एक चालायची, एक पळायची

आमच्या दारात दोनेक वर्षं दोन मोटारी उभ्या असायच्या. हे सांगितलं की ऐकणारा आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग विचारतो, म्हणजे तुम्ही मोठे बागायतदार होता का? बागायतदार कसले! सोलापुरात दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, सगळ्या चाळीला मिळून एक नळ आणि पुढच्या मोकळ्या जागेत या दोघी. एक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची अमेरिकन, दुसरी आपल्याकडची अँबॅसिडर, तीही कुणीतरी वापरून झालेली. दोघी मिळून जे कमवायच्या त्यातलं बरंचसं दोघीच खाऊन टाकायच्या. उरलंसुरलं आमचं.

गाड्यांमधलं मला थोडंफार कळायचं. माझे वडील टेंभुर्णीच्या फाट्यावर पंक्चर काढायचे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघण्यात माझं लहानपण गेलं. पुण्याकडून येणारी गाडी फाट्यावर थांबणार की तशीच पुढं जाणार, हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचे. मुलगा सोलापूरचा, घरची मोटार आहे, असं स्थळ आलं तेव्हा वडिलांना जावयापेक्षा मोटारीचंच कौतुक जास्त. लग्न लागल्यावर वरातीसाठी मी त्या गाडीकडे चालत गेले, तेव्हा मुंडावळ्यांच्या आडून पहिल्यांदा नवऱ्याकडे नाही, पुढच्या टायरकडे पाहिलं. पार गुळगुळीत. पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तिथंच यायला हवा होता. पण ताशा वाजत होता, आणि नवराही दिसायला बरा होता.

ती जुनी गाडी म्हणजे आमच्या घरची थोरली बाई. कुठल्या कंपनीची होती ते विचारू नका, नाकावरचा बिल्ला माझ्या लग्नाआधीच कुणीतरी उपटून नेला होता. रंग काळा, पण वरातीआधी पॉलिश मारून मारून जिथं हात पोचायचा तिथं चकचकीत आणि जिथं पोचायचा नाही तिथं खरबरीत. टप कापडाचा, लोखंडी कमानींवर ताणलेला. चार खटके सोडले की सगळा टप मागे दुमडून ठेवता यायचा. दोन्ही अंगांना रुंद फूटबोर्ड. आमच्या गिऱ्हाइकांत रीतच होती, नवरी निघाली की तिच्या भावांनी फूटबोर्डवर उभं राहून तिला सासरच्या दारापर्यंत पोचवायचं. मागच्या सीटच्या पाठीवर नवरानवरी, खाली करवल्या, पुढं एखादी आत्या आणि तिची दोन पोरं, बॉनेटवर कुणाचा तरी धाकटा. नको म्हणायची सोय नसते. वरातीच्या गाडीतून एखाद्याला उतरवलं तर ते घर चार वर्षं बोलत नाही.

एवढ्या सगळ्यांना घेऊन ती चालायची. चालायची म्हणजे खरोखर चालायची. मामंजी तिला पहिल्या गिअरमध्ये टाकायचे, पाय काढून घ्यायचे, आणि ती बँडवाल्यांच्या मागं माणसाच्या चालीनं जात राहायची. मध्ये पोरं नाचायला थांबली की थांबायची, पुन्हा निघायची. भर मे महिन्यात तिचं पाणी उकळलेलं मी पाहिलं नाही. सोलापूरचा मे ज्याने काढलाय त्याला याचा अर्थ कळेल. मामंजींना या गोष्टीचा इतका अभिमान होता, की आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हेच सांगायचे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मामंजी तरुणपणी गावाकडून येऊन गिरणीत मागावर लागले होते. तिथून त्यांना एका सूतवाल्या मालकानं उचललं आणि स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवलं. मालकानं पुढं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी मामंजींना देऊन टाकली. कुणी म्हणायचं उपकार केला, कुणी म्हणायचं डोक्यावरची पीडा काढली. मामंजींच्या लेखी मात्र त्या गाडीनं त्यांना मागापासून सोडवलं होतं. त्यांचा एकच धोशा असायचा, आणि तो मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकत आले.

"मागाम्होरं एकदा हुबा ऱ्हायला की मानूस मागाचाच हुतो. म्या सुटलो. माज्या पोराला म्या तितं हुबा करनार न्हाई."

तेव्हा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पत्र्याच्या नव्या नव्या शेड उभ्या राहत होत्या. टॉवेल आणि चादरी. आमच्या गल्लीतली तरणी पोरं सकाळी सायकलला डबा अडकवून तिकडं निघायची. त्यांच्या घरी नेमानं पगार यायचा, आमच्याकडं कधी असायचा, कधी नसायचा. तरी मामंजी त्या सायकलींकडं अशा नजरेनं बघायचे की जणू पोरांना पोलीस धरून नेताहेत. आमच्या घराला दुसरं कसलं ध्येय नव्हतं. पोरगं मागावर जाता कामा नये, एवढंच.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय, मी आमच्यापुरतं सांगते. लग्नं थांबली. जी व्हायची ती देवळात हार घालून उरकायची, वरातीला ना बँड, ना गाडी. थोरली बाई दारात ताडपत्रीखाली बसून राहिली. मात्र गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती आणि ती बघत फिरायला साहेब लोकांना गाड्या लागत होत्या. नवऱ्यानं गावाकडचा आमचा शेताचा वाटा चुलत्यांना विकून टाकला आणि त्या पैशांत वापरलेली अँबॅसिडर आणली. टॅक्सीचं परमिट काढलं. बघता बघता ती गाडी रोज बाहेर जायला लागली. आज माढा, उद्या करमाळा, परवा सांगोला.

दुष्काळात बरकत आलेलं घर म्हणजे आमचंच. खडी फोडणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला धूळ खात बसलेल्या, हे नवरा संध्याकाळी येऊन सांगायचा आणि मी त्याला गरम भाकरी वाढायचे. मला लाज वाटायची, आणि लाज वाटत असतानाच मी दुसरी भाकरी थापायचे.

त्या दिवसांत आमच्या घरात दोन पक्ष पडले. मामंजींचा पक्ष जुनीचा, नवऱ्याचा नवीचा. जुनीला हँडल मारावं लागायचं, थंडीत तर दोघांनी मिळून. नवी चावी फिरवली की सुरू. जुनीचे दिवे पिवळे आणि मंद, समोर खड्डा आहे हे त्यात पडल्यावरच कळायचं. नवीच्या दिव्यांत लांबचा दगडसुद्धा दिसायचा. जुनीत बसलं की घोडागाडीत बसल्यासारखं उंच वाटायचं, सगळा रस्ता आपल्या खाली. नवीत सोफ्यात रुतल्यासारखं व्हायचं. पण नवीला सावकाश जाणं जमत नसे. तिला मोकळा रस्ता हवा. गर्दीत अडकली, की क्लच दाबून दाबून नवऱ्याचा पाय भरून यायचा आणि रेडिएटर फुसफुसायला लागायचा. एक चालायची आणि एक पळायची, यापलीकडं दोघींत काही फरक आहे असं आम्हाला वाटलंच नाही.

नवरा बापाला चिडवायचा, आबा, तुमची ती मोटार न्हाई, बैलगाडी हाय. मामंजी शांतपणे म्हणायचे, व्हय की, बैलगाडीला कुटं पाणी पाजावं लागतं का, बैलाला पाजावं लागतं. यात काय उत्तर झालं ते आम्हा दोघांनाही कळायचं नाही, पण वाद तिथं थांबायचा. मी कुणाच्याच पक्षात नव्हते, असं दाखवायचे. मनातून मला नवी आवडायची. तिची दारं लावताना जो जाड, बसका आवाज यायचा, तो माझ्या घरात दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नव्हता. आमच्या घराचं दार पत्र्याचं होतं.

मग दुष्काळ सरला. पाऊस झाला, कामं बंद पडली, साहेब आपापल्या कचेऱ्यांत परतले. त्याच सुमारास तिकडं अरबांनी तेलाचं काहीतरी केलं आणि इकडं पेट्रोलचा भाव असा चढला की पंपावर लोक नुसते फलकाकडं बघत उभे राहायचे. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा ज्या चार भाड्यांवर टॅक्सीचं चालायचं ते लोक एसटीनं जायला लागले. नवी दारात बसली. उलट थोरलीचे दिवस आले. दोन वर्षं अडलेली लग्नं एकदम निघाली होती, बँडवाल्यांना फुरसत नव्हती. आता आपलं निभावतंय, असं आम्हाला पंधरा दिवस वाटलं.

पंधरा दिवसांनी थोरलीच्या मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल तुटला. कुठं घाटात नाही, शर्यतीत नाही, आमच्या दारात, मागं घेताना. लेथवाल्याकडून नवा करून घेतला, तो दुसऱ्याच वरातीत मोडला आणि नवरीला अर्ध्या वाटेतून टांग्यात बसवावं लागलं. नवरा पुण्याच्या जुन्या बाजारात गेला, तिथून मुंबईला गेला, आणि एक लोखंडी दांडा पोत्यात गुंडाळून घेऊन आला. तो बोटभर आखूड निघाला. मामंजींनी तो बसणार नाही हे बघताक्षणी ओळखलं होतं, तरी दुपारभर बसवून बघत राहिले. पोराचा हिरमोड नको म्हणून असेल, किंवा स्वतःचा.

तर अशी परिस्थिती. वराती होत्या, पण चालणारी गाडी मोडलेली. पळणारी गाडी धडधाकट, पण तिला पळायला कुठं जागाच नाही. नवरा दिवसभर पायरीवर बसून विड्या ओढायचा. एका सकाळी शेजारचा पोरगा सायकल काढताना सहज म्हणून गेला की आमच्या शेडला माणसं घेत्यात. मामंजी आत होते, पण त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनीच विषय काढला. घास हातात तसाच धरून, दारातल्या अँबॅसिडरकडं बघत ते म्हणाले, "हिचा टप काढू. टप काढला की ही बी उघडीच की."

नवऱ्याचा चेहरा जो खुलला तो मला अजून दिसतो. कितीतरी महिन्यांनी त्यानं मागून भाजी घेतली. दोघं बापलेक ताटावरच हिशेब करायला लागले. कुठून कापायचं, काचेची चौकट ठेवायची का, थोरलीच्या टपाच्या कमानी हिला बसतील का, म्हणजे वरातीला टप खाली आणि ऊन असलं की वर. पाणी उकळण्याचं काय, तर दोन बादल्या डिकीत ठेवू आणि मधूनमधून ओतू. फूटबोर्ड वेल्डिंग करून लावू. मीही म्हटलं, कापड मी शिवते. मला ती कल्पना फार आवडली, खोटं कशाला बोलू. आम्हा तिघांनाही ती शुद्ध सोन्यासारखी वाटली.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्याच्या घरी कधी मोटारच नव्हती तो धडधाकट गाडीला करवत लावायला धजला नसता. ज्याच्या घरी नुसती नवी होती त्यानं निदान कुणाला तरी विचारलं असतं. आम्ही मात्र इतकी वर्षं अशा गाडीबरोबर काढली होती जिचा टप म्हणजे टोपी होती, हवी तेव्हा घालायची आणि हवी तेव्हा काढून ठेवायची. गाडी म्हणजे खालचं, टप म्हणजे वरचं. यात शंका घ्यावी असं काही आहे हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

थोरलीच्या कमानी मामंजींनी स्वतः उतरवल्या. नट गंजले होते, रॉकेल घालून रात्रभर ठेवले आणि सकाळी सोडवले. नंतर भंगारवाल्यानं बैलजोडी आणून उरलेली गाडी ओढत नेली. मामंजी बघायला बाहेर आले नाहीत. बैलगाडी म्हणून चिडवणारा नवरा मात्र कोपऱ्यापर्यंत तिच्यामागून चालत गेला.

अँबॅसिडर कापली ती लोखंडी खिडक्या करणाऱ्या एका शेडमध्ये. त्या माणसानं एकच प्रश्न विचारला, सरळ कापू का तिरका. अर्धं गॅसनं, अर्धं करवतीनं, असं दुपारपर्यंत चाललं. मामंजी टपावर हात ठेवून उभे होते, जनावराला धरतात तसे. शेवटचा खांब सुटला तेव्हा गाडीतून कट्ट असा आवाज आला. करवत तुटली असेल म्हणून आम्ही करवतीकडं बघितलं. करवत धड होती. मग चौघांनी टप उचलून बाजूला ठेवला आणि आम्ही गाडीकडं बघत राहिलो. खरं सांगते, देखणी दिसत होती. नवरा तिच्याभोवती फिरून आला आणि म्हणाला, आता हिला कोन म्हणंल टॅक्सी.

मी लाल रेक्झिन आणून कमानींवर शिवलं, कडेला पांढरी झालर लावली. फूटबोर्ड लागले. दारं मात्र आता जरा जोरात ओढावी लागायची. जाड, बसका आवाज गेला होता, त्याऐवजी घासल्याचा आवाज यायचा. मामंजी म्हणाले, नवं हाय, बसंल. नवऱ्यानं कानस घेऊन दाराच्या कडा घासल्या. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा घासावं लागलं. आम्हाला वाटलं रंग आड येतोय.

पहिली वरात बाळीवेशीतल्या एका व्यापाऱ्याच्या घरची मिळाली. मोठं घर, घरात कानडी बोलणारी माणसं, मान देणारी आणि मान मागणारी. तिथं नाव झालं तर मोसमभर बघायला नको, असं मामंजी दोन दिवस म्हणत होते. मी पहाटे फुलबाजारातून शेवंती आणि झेंडू आणले आणि गाडी अशी सजवली की लाल रेक्झिन दिसेना. दिवेलागणीला वरात निघाली. मामंजी गाडीवर, नवरा बादली घेऊन बाजूनं, मी इतर बायकांबरोबर मागून चालत. फुलं ढळली तर सावरायला मला नेहमी न्यायचे.

नेहमीसारखेच सगळे गाडीत चढले. नवरानवरी मागे वर, करवल्या खाली, दोन अंगापिंडानं भरलेल्या मावश्या मधोमध, दोन्ही फूटबोर्डांवर नवरीचे भाऊ. मामंजींनी कुणाला अडवलं नाही. कधी अडवलंच नव्हतं. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं पुढं, त्यांच्या मागं बँड. वरात थांबली की नवरा धावत पुढं जाऊन रेडिएटरमध्ये पाणी घालत होता आणि आमचं सगळं लक्ष त्या पाण्याकडं. पाणी उकळलं नाही. अर्धा रस्ता झाला, पोरं नाचून दमली, तरी उकळलं नाही. नवऱ्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि हसला. जमलं, असं ते हसणं होतं. मीही पदर तोंडाला लावून हसले.

तेव्हा मला गाडी कडेनं दिसली. तिचं नाक वर होतं, शेपूटही वर होती आणि मधला भाग खाली गेला होता. जुन्या बाजेचा सुंभ सैल झाल्यावर मध्ये जसा झोळ पडतो तसा. मला वाटलं गॅसबत्तीच्या उजेडात तसं दिसतंय.

व्यापाऱ्याच्या दारात वरात पोचली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, नवरदेवाची आई आरतीचं ताट घेऊन उभी. माझ्या नवऱ्यानं पुढं होऊन झोकात मागचं दार उघडायला घेतलं. दार उघडेना. त्यानं खांदा लावला. दुसऱ्या बाजूला गेला, तेही उघडेना. पुढची दोन्हीही तशीच. चारही दारं आपापल्या चौकटीत चेपून बसली होती. बँड वाजतच होता. नवरदेवाची आई म्हणत होती, "इळी, इळी," म्हणजे उतर, उतर, आणि नवरी बिचारी मान खाली घालून वर बसलेली. कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सासरच्या दारात येऊन नवरीला उतरता येईना, याचा अर्थ त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी नवरीच्या भावांनी तिला उचलून वरून खाली घेतलं. घेताना शालू कापलेल्या खांबाच्या टोकाला अडकला आणि टर्रकन फाटला. मामंजी स्टिअरिंग धरून तसेच बसले होते, त्यांनाही उतरता येत नव्हतं. नवऱ्यानं काखेत हात घालून बापाला बाहेर काढलं. एवढ्या लोकांसमोर, लहान पोराला काढतात तसं.

टप हीच त्या गाडीची पाठ होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, आणि तेही त्याला तेव्हाच सुचलं. खाली वाकून त्यानं बघितलं, मग आम्ही तिघांनी बघितलं. थोरलीच्या पोटाखाली दोन लांब जाड लोखंडी पट्ट्या होत्या, सगळा भार त्यांच्यावर. वर काय आहे, काय नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हिला तसल्या पट्ट्या नव्हत्या. हिचा तळ, खांब आणि टप सगळं एकमेकांना धरून उभं होतं. दोन गाड्यांतला खरा फरक हा. तो कळला तेव्हा तुलना करायला आमच्याकडं एकही गाडी उरली नव्हती.

बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. दारं न उघडणारी गाडी. लग्नाच्या मोसमात यापेक्षा वाईट नाव दुसरं नाही. ठरलेली घरं एकेक करून निरोप पाठवायला लागली. कुणी पाहुणे जास्त झाले म्हणालं, कुणी घोडा सांगितलाय म्हणालं. कुणी भांडायला आलं असतं तर बरं वाटलं असतं. नवऱ्यानं टप परत वेल्डिंग करून बसवला, पण वाकलेल्या गाडीवर तो बसेना. एका कोपऱ्याला फट राहिली आणि तिथं मी रेक्झिनचा तुकडा चिकटवला. तशी गाडी घेऊन तो परमिटच्या तपासणीला गेला. तिथल्या साहेबानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ही माणसं बसवायची गाडी राहिलेली नाही, असं सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

मग नवरा दुसऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जागा शोधत फिरला. पेट्रोलच्या भावानं मालकांनी स्वतःच्याच गाड्या शेडमध्ये लावून ठेवल्या होत्या. ट्रकवर जायचं तर लायसन वेगळं, आणि ते निघेपर्यंत खायचं काय? टेंभुर्णीला येऊन पंक्चरच्या दुकानात बस, असा माझ्या वडिलांचा निरोप आला. पण त्या दुकानात त्यांचं स्वतःचंच भागत नव्हतं. सगळे रस्ते मोजून झाले तेव्हा एका संध्याकाळी नवऱ्यानं मला हळूच विचारलं, शेजारच्याला म्हणून बघू का. मी म्हटलं, बघा. यापेक्षा वेगळं काही म्हणायला मला सुचलं नाही. त्याचा राग कुणावर काढू ते मला आजही कळत नाही.

मामंजींना कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. सोमवारी सकाळी मी डबा भरत होते आणि नवरा सायकलमध्ये हवा मारत होता. मामंजी भिंतीकडं तोंड करून पडून होते. झोपले नव्हते, पाठीवरूनच कळत होतं. नवरा गेला तेव्हा ते वळले नाहीत. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. घरात दोन माणसं असून एकमेकांकडं बघणं टाळायचं, हे किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी नवरा आला. केसांत, भुवयांत, पापण्यांत कापसाचे बारीक तंतू. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसला. मी पाण्याचा तांब्या दिला. तो दोन्ही पोटऱ्या चोळत होता. मामंजी आतून बघत होते. मला भीती वाटली की हे आता पोराला टाकून बोलणार, नाहीतर रडणार. यातलं काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं.

"दोनी पायांवर सारका भार घेऊन हुबा ऱ्हाऊ नको," मामंजी म्हणाले. "घडीत ह्यो, घडीत त्यो. न्हाईतर गुडगं जात्यात."

"काय म्हनला?" नवऱ्यानं मोठ्यानं विचारलं. दिवसभराच्या खडखडाटानं त्याचे कान बसले होते.

मामंजी उठले. भिंत धरत बाहेर आले, पोराच्या समोर उभे राहिले आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर कसा न्यायचा ते करून दाखवायला लागले. नवरा तांब्या खाली ठेवून उठला आणि त्यांच्या शेजारी तसाच, एका पायावर भार घेऊन, उभा राहिला.